घुमणारी मोटर, अडकलेला अ‍ॅजिटेटर, कडक रोलर: जुन्या रिंगर वॉशिंग मशीनची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर कपडे पिळायचे दोन रबरी रोलर (म्हणजेच रिंगर) असलेलं, बरीच वर्षं पडून राहिलेलं वॉशिंग मशीन हाती आलं आहे. स्विच दाबला की मोटर नुसती घुमते. टबातला कपडे घुसळणारा अ‍ॅजिटेटर जागचा हलत नाही. पाणी भरलं तर खालून ठिबकतं, आणि रोलर कडक होऊन त्यांना चकाकी आली आहे. अशा मशीनच्या दुरुस्तीला हात घालावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

हात जरूर घालावा. ही मशीनं वापरून जितकी बिघडतात त्याहून जास्त पडून राहून बिघडतात. ग्रीस थिजतं, रबर वाळतं, पोलादी शाफ्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना घट्ट धरून बसतात. चार तक्रारी एकदम आल्या म्हणून मशीन मोडीत निघालं असं होत नाही. बहुतेक वेळा त्या चार वेगवेगळ्या आणि सुटणाऱ्या गोष्टी असतात. माझी अट एकच आहे: रोलरचा दाब झटक्यात सोडणारी दांडी चालत नसेल, तर बाकी सगळं सुरळीत असलं तरी ते मशीन दुरुस्त झालं असं मी म्हणत नाही.

आतली रचना आधी डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये टबाच्या तळाशी अ‍ॅजिटेटर असलेलं गायराफोम मशीन बाजारात आणलं आणि रिंगर मशीनं तिने थेट १९८३ पर्यंत बनवली. इतर कंपन्यांच्या मशीनांची मूळ कल्पनाही फार वेगळी नसते. खाली मोटर, मोटरवरून पट्टा, पट्ट्यावर गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून एक शाफ्ट वर अ‍ॅजिटेटरला जातो आणि तो मागेपुढे हेलकावतो. दुसरा शाफ्ट कडेच्या खांबातून रिंगरच्या डोक्यापर्यंत जातो आणि रोलर फिरवतो. मोटर, पट्टा, गिअरबॉक्स, रिंगर हे चार भाग एकेक करून वेगळे तपासता येतात, आणि दुरुस्तीची सगळी किल्ली तिथेच आहे. सगळं जोडलेलं ठेवून स्विच दाबत बसलात तर दोष कुठे आहे ते कळणार नाही, आणि मोटर मात्र जळेल.

म्हणून आधी प्लग काढा आणि तो दुरुस्ती संपेपर्यंत हाताशी दिसेल असा ठेवा. वायर प्लगपाशी आणि मशीनमध्ये शिरते तिथे वाकवून बघा. जुन्या रबरी वेष्टनाला तिथेच तडे जातात आणि तुकडे पडतात. तसं दिसलं तर टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण वायर बदला. जुन्या मशीनांना बहुधा दोनच तारा असतात, अर्थिंग नसतंच. ओल्या हाताने हाताळायच्या धातूच्या यंत्राला हे चालणार नाही. तीन तारांची केबल घाला. अर्थची तार सांगाड्याला जिथे जोडाल तिथला रंग खरवडून धातू उघडा करा आणि दातेरी वायसर घालून स्क्रू आवळा. इथे एक गोष्ट हमखास निसटते. मोटर पुष्कळदा रबरी बुशांवर बसवलेली असते. मग सांगाडा अर्थ केला तरी मोटरचं कवच सांगाड्याला विजेच्या दृष्टीने जोडलेलं नसतं. मोटरच्या कवचापासून सांगाड्यापर्यंत एक वेगळी तार टाकावीच लागते.

त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी. मशीनचा स्विच चालू स्थितीत ठेवून प्लगच्या वीज नेणाऱ्या दोन्ही पिना एकत्र जोडा आणि त्या व मशीनचं अंग यांच्यात मोजा. किमान १ मेगाओम तरी यायला हवा, आणि कोरडी, चांगली मोटर त्याहून कितीतरी जास्त दाखवते. साध्या मल्टिमीटरची बॅटरी या कामाला अपुरी पडते. ओल धरलेलं इन्सुलेशनही त्यावर निर्दोष दिसू शकतं. आकडा कमी आला तर मोटर उतरवून उबदार, कोरड्या जागी काही दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. ओल असेल तर आकडा चढतो. चढला नाही तर वाइंडिंगच, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळीच, खराब आहे. मशीन ज्या सॉकेटवर चालवणार त्यावर ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी गळतीला तुटणारा ब्रेकर असायला हवा.

मशीन दुसऱ्या देशातून आलेलं असेल तर मोटरवरची पट्टी नीट वाचा. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल आणि तुमचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावून अर्धाच प्रश्न सुटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर ५० हर्ट्झवर साधारण १४४० फेरे घेते आणि पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर जास्त तापते. व्होल्टेज सुमारे ९६ पर्यंत उतरवलं तर तापणं आटोक्यात येतं, पण त्या हिशेबात ताकदही कमी होते. आणखी एक अडचण अशी की वेग वाढल्यावर सुटणारा आतला स्विच ६० हर्ट्झच्या वेगासाठी बसवलेला असतो. कमी वेगात, त्यातही भार असताना, तो सुटेलच याची खात्री नसते. मशीन नियमित वापरायचं असेल तर मी सरळ स्थानिक पुरवठ्याला चालणारी मोटर बसवतो आणि मोटरवरची पुली २० टक्के मोठ्या व्यासाची घेतो. त्यामुळे गिअरबॉक्सला मूळचाच वेग मिळतो. जुनी मोटर पुसून, तेल घालून जपून ठेवतो.

आता घुमणाऱ्या मोटरकडे वळू. पट्टा उतरवा आणि मोटरचा शाफ्ट हाताने फिरवा. जड गेला तर बुशातलं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगमधलं, तेल चिकट झालं आहे. तेलाच्या छिद्रांतून हलकं खनिज तेल, २० ग्रेडचं, थोडं थोडं घालत शाफ्ट फिरवत राहा. गंज सोडवणारा फवारा इथे कामाचा नाही. त्याने घटकाभर मोकळं वाटतं, पण तो उडून गेला की बुश कोरडा पडतो. खायचं तेल तर कधीच नको, ते काही महिन्यांत लाखेसारखं घट्ट होतं.

शाफ्ट हाताने मोकळा फिरतो, तरी वीज दिल्यावर मोटर नुसती घुमते, अशा वेळी दोष सुरुवातीच्या सर्किटमध्ये असतो. या मोटरींना दोन वाइंडिंग असतात: एक कायम चालणारं, दुसरं फक्त सुरुवातीला धक्का देणारं. मोटरने वेग घेतला, म्हणजे पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण हिश्श्याला आली, की फिरत्या वजनांवर चालणारा स्विच दुसरं वाइंडिंग तोडतो. खात्री करायची तर पट्टा उतरवलेलाच ठेवा, शाफ्टवर दोरीचे दोन-तीन वेढे द्या, दोरी ओढून शाफ्टला गती द्या, दोरी पूर्ण सुटली की लगेच वीज द्या. दोरीचं टोक शाफ्टला बांधायचं नाही, ती आपोआप सुटायला हवी. ज्या दिशेने फिरवाल त्या दिशेने मोटर धावू लागली तर मुख्य वाइंडिंग शाबूत आहे. मग राहतात तीन शक्यता: स्विचच्या संपर्कबिंदूंवर मळ, सुरुवातीचं वाइंडिंग तुटलेलं, किंवा कॅपॅसिटर असेल तर तो गेलेला. कॅपॅसिटरला हात लावण्याआधी रेझिस्टर जोडून त्यातला चार्ज उतरवा.

माझ्या अनुभवात यातला पहिला दोष सगळ्यात जास्त भेटतो. मोटरचं मागचं झाकण उघडलं की स्विच समोर दिसतो. संपर्कबिंदू काळे पडलेले असतात आणि वजनांच्या स्प्रिंगांवर जुनं ग्रीस धुळीसकट साकळलेलं असतं. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन बिंदूंमध्ये धरून हलकेच ओढा, मग कोऱ्या कागदाची पट्टी तशीच ओढा, म्हणजे राहिलेली पूड निघून येते. वजनं बोटाने बाहेर ढकलून सोडा. ती स्वतःहून पटकन परत यायला हवीत. झाकण लावून मोटर चालवली की वेग घेताना एक टिचका ऐकू येतो आणि बंद केल्यावर मोटर मंदावत जाताना दुसरा. दोन्ही टिचके आले की हा विषय संपला. वेग घेताना टिचका आला नाही आणि मोटर गुरगुरतच राहिली तर लगेच बंद करा, कारण सुरुवातीचं वाइंडिंग अजून जोडलेलंच आहे आणि ते थोड्या वेळात जळतं. घुमत्या मोटरला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वीज देऊ नका. अडलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते.

पट्ट्याला फार वेळ लागत नाही. आतली बाजू चकचकीत झाली असेल, तडे असतील, किंवा एकाच जागी पडून राहिल्याने वाकण धरलं असेल तर तो बदला. क्रमांक पुसला असेल तर मोटर तिच्या खाचेच्या मधोमध ठेवून दोन्ही पुल्यांभोवती सुतळी फिरवा आणि तेवढ्या लांबीचा, त्याच रुंदीचा पट्टा घ्या. ताण इतकाच, की अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर पट्टा साधारण १ सेंटिमीटर दबावा. जास्त ओढलात तर मोटरचे बुश खाल्ले जातात. पट्ट्यावर तेल दिसलं तर नवा पट्टा घालण्याआधी ते कुठून येतं ते शोधा. आणि पुलीचा बारीक स्क्रू आवळून बघा. तो सैल असेल तर मोटर फिरते, पुली जागीच राहते आणि दोष उगाच गिअरबॉक्सवर ढकलला जातो.

गिअरबॉक्सला आधी विजेशिवाय फिरवून बघायचं. पट्टा काढलेला असताना त्याची पुली हाताने फिरवा. अजिबात हलली नाही तर आतलं वंगण थिजलं असण्याची शक्यता मोठी. टबात गरम पाणी भरून तासभर राहू द्या, खालून गिअरबॉक्सवर गरम कापड गुंडाळा आणि पुली मागेपुढे थोडी थोडी हलवत राहा. मोटरच्या जोरावर सोडवायला जाऊ नका. गिअरचा एक दात तुटला तर तसाच गिअर मिळवण्यात महिने जातात.

पुली फिरते पण अ‍ॅजिटेटर हलत नाही, अशा वेळी अ‍ॅजिटेटर काढून उघड्या शाफ्टच्या टोकावर खडूची रेघ मारा आणि पुली पुन्हा फिरवा. रेघ डावी-उजवीकडे हेलकावत असेल तर गिअरबॉक्स ठीक आहे, अ‍ॅजिटेटरच्या आतल्या खाचा झिजल्या आहेत. रेघ स्थिर राहिली तर अ‍ॅजिटेटर जोडणारी दांडी आतपर्यंत पोचत नाही, किंवा आतली पिन कापली गेली आहे. दांडीच्या जोडण्या बाहेरून दिसतात, आधी त्या बघा. त्यातली एखादी पिन गळून पडलेली असते आणि लोक विनाकारण गिअरबॉक्स उघडतात.

गिअरबॉक्स उघडावाच लागला तर आतून काय निघतं याकडे लक्ष द्या. वंगण दुधाळ, फेसाळ असेल तर मधल्या सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या कड्यातून, पाणी आत गेलं आहे आणि सील बदलल्याशिवाय नवं वंगण भरण्यात अर्थ नाही. वंगण बोटांवर चोळून उन्हात धरा. सोनेरी कण चमकले तर ब्राँझचा गिअर झिजतो आहे. सगळं रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, मूळ जातीचंच वंगण भरा: तेल निघालं असेल तर तेल, पातळ ग्रीस निघालं असेल तर पातळ ग्रीस. चाकांच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस इथे चालत नाही. गिअर त्यात एकदा वाट पाडतात आणि मग ते ग्रीस परत दातांवर येतच नाही. तेल निवडताना ते ब्राँझ-पितळेला बाधत नाही ना हे पाहून घ्या. जास्त दाबासाठीच्या काही गिअर तेलांतलं गंधक या धातूंना खातं.

अडकलेला अ‍ॅजिटेटर काढताना घाई करू नका. वरची टोपी काढा. टबात अ‍ॅजिटेटर बुडेल इतकं गरम पाणी घाला आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा. साबणाचा आणि क्षारांचा थर मऊ होतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅजिटेटर असेल तर तो पोलादी शाफ्टपेक्षा जास्त प्रसरण पावतो. मग रुंद कापडी पट्टे खालच्या घेराच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी घाला, दोन्ही टोकं वर एकत्र धरा आणि सरळ वर, सारख्या जोराने ओढा. मधूनमधून अ‍ॅजिटेटर अलगद डावी-उजवीकडे हलवा. एका बाजूने पेचकस घालून उचकटलं तर टबाचं इनॅमल उडतं आणि तिथून गंज सुरू होतो. बेकेलाइटचा अ‍ॅजिटेटर तर सरळ तडकतो. टब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा किंवा तीव्र धुण्याचा सोडा वापरू नका, त्याने धातूच विरघळतो. निघाल्यावर शाफ्ट घासून साफ करा, पाण्यात न धुपणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या, आणि पुढे प्रत्येक धुण्यानंतर अ‍ॅजिटेटर उचलून ठेवा.

गळती शोधताना टब एकदम भरू नका. आधी ५ सेंटिमीटर पाणी, आणि खाली कोरडा कागद अंथरून थोडा वेळ वाट. कागद मधोमध भिजला तर मधलं सील, कडेला भिजला तर पाणी सोडायची नळी किंवा तिचा जोड. नंतर पाणी वाढवत जा. जितक्या पाण्याला गळती सुरू होते त्या उंचीवरचाच सांधा दोषी. रबरी नळी वाकवल्यावर तडे दिसले तर ती बदला. पंप असेल तर त्यात अडकलेली बटणं आणि धागे काढा. ज्या मशीनांना पाणी सोडायची कॉक नसते तिथे नळीचं टोक टबाच्या काठापाशी अडकवलेलं असतं आणि पाणी केवळ त्या उंचीमुळे टबात राहतं. तो आकडा ढिला असेल तर सगळं पाणी जमिनीवर येतं, आणि माणूस उगाच सील शोधत बसतो.

आता रिंगर. १९३८ मध्येच एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ‘रिंगर आर्म’ या नावाने या रोलरमध्ये हात सापडलेल्या २६ रुग्णांची नोंद छापून आली होती. बोटं आत ओढली जातात, रोलर कोपरापर्यंत चढतात आणि तिथे अडकून फिरत राहतात, कातडी आणि खालचं मांस सोलवटतात. कपड्यासोबत हात आत गेला की मागे ओढायला वेळ मिळत नाही. म्हणून मी रोलर बघण्याआधी दाब सोडणारी दांडी बघतो. तिच्या बिजागऱ्या आणि खिट्टी साफ करून तेल घाला, मग दाबाचा स्क्रू नेहमीइतका आवळून, रोलर थांबलेले असताना दांडीला हाताच्या तळव्याने धक्का द्या. वरचा रोलर खटकन मोकळा व्हायला हवा. त्यानंतर मशीन चालू करून, लांब लाकडी काठीला जाड टॉवेल गुंडाळून तो रोलरमध्ये जाऊ द्या आणि पुन्हा दांडी दाबा. अंगाने सहज ढकलली तरी सुटली पाहिजे. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ती निकामी समजा. पुष्कळ मशीनांत दांडी फक्त दाब सोडते, रोलर फिरतच राहतात. तुमच्या मशीनमध्ये काय होतं ते घरातल्या प्रत्येक वापरणाऱ्याला दाखवून ठेवा. लहान मुलांना मशीन चालू असताना जवळ येऊ द्यायचं नाही.

रिंगरचं डोकं वळवून ज्या ज्या जागी अडकतं तिथे ते पक्कं बसतं का, हेही बघा. कपडा आत जाताना डोकं गरकन फिरलं तर तोल जाऊन हात रोलरवर पडतो. दिशा बदलणाऱ्या दांडीच्या पुढे, मागे आणि मधली बंद अशा तिन्ही जागा स्पष्ट लागल्या पाहिजेत. बंद जागेवरही रोलर सरकत असतील तर आतल्या क्लचचे दाते किंवा दांडीची जोडणी झिजली आहे.

रोलरच्या रबरावर नख दाबा. थोडं रुतून परत वर आलं तर रबर जिवंत आहे. नखाची खूण राहून चिकट लागलं किंवा नख अजिबात रुतलं नाही तर रबर गेलं. दाबाखाली वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या रोलरला एक सपाट पट्टी पडते आणि प्रत्येक फेऱ्याला ठक्क असा धक्का जाणवतो. हलकी पट्टी असेल तर दाब सोडून उबदार जागी ठेवल्यावर बरीच भरून येते. खोल असेल तर रबर नव्याने चढवून घ्या. छपाईच्या आणि इतर यंत्रांच्या रोलरवर रबर चढवणारे कारखाने हे काम करतात. त्यांना रबराची लांबी, बाहेरचा व्यास आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचं माप द्या. कडकपणा मोजण्यासाठी जुन्या रोलरचं अगदी टोकाचं रबर दाखवा, कारण तिथून कपडा जात नाही आणि रबर मूळच्या सर्वांत जवळ राहिलेलं असतं. दोन्ही रोलर एकाच वेळी करून घ्या. रोलर ज्यात फिरतात ते बुश काही मशीनांत तेल मुरवलेल्या लाकडाचे असतात. एका टोकाचा बुश झिजला की कपडा एका बाजूने ओला राहतो आणि लोक स्क्रू आवळत सुटतात. आधी बुश बघा.

पिळताना बटणं आणि चेन घडीच्या आत घ्या, कपडा पसरट करून कोपऱ्याने आत द्या, आणि शेवटची वीतभर लांबी बोटांनी न देता लाकडी पट्टीने ढकला. सैल बाही, मोकळे लांब केस, गळ्यातली साखळी रोलरजवळ नको. जाड आणि पातळ कपडा एकत्र घातला तर पातळ कपड्यावर दाबच येत नाही.

सुट्या भागांची चिंता वाटते तितकी नाही. अमेरिकेतल्या आमिश वस्त्यांत रिंगर मशीनं आजही वापरात आहेत, त्यामुळे लोकप्रिय मॉडेलांचे रोलर, सील आणि पट्टे मिळतात. मागवताना मॉडेलच्या पट्टीचा फोटो आणि जुन्या भागाची मापं दोन्ही पाठवा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक फरक झालेले असतात. मशीन विजेऐवजी पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारं असेल तर ते बंद खोलीत क्षणभरही चालवू नका. नळी खिडकीबाहेर काढली तरी जुन्या सांध्यांतून कार्बन मोनॉक्साइड गळतो.

सगळं जुळल्यावर पहिल्यांदा पाण्याशिवाय आणि अ‍ॅजिटेटरशिवाय दहा मिनिटं चालवा आणि वीज बंद करून मोटरला हात लावा. कोमट लागली तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर पट्ट्याचा ताण आणि आतला स्विच पुन्हा बघा. मग पाणी घाला, मग दोन-तीन कपडे, आणि पिळणं सगळ्यात शेवटी. ठेवून देताना रोलरचा दाब पूर्ण सोडा, नळी खाली करून पंपातलं पाणी काढा, झाकण थोडं उघडं ठेवा.